विश्वस्तांनो, फुटपाथवरचं टार्गेट बंद करा

प्रति,
नाशिकच्या रस्त्यांवर पगारी माणसं उभी करून देणग्या गोळा करणाऱ्या सर्व सेवाभावी संस्थांचे विश्वस्त

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी बहुतेकांची कार्यालयं नाशिकबाहेर आहेत, मुंबईत, पुण्यात, दिल्लीत, बंगळुरूत. त्यामुळे संध्याकाळी सहा वाजल्यानंतर कॉलेज रोडवर तुमच्या नावाने काय चालतं, हे तुमच्या बैठकीपर्यंत पोहोचत नसावं. तिथे पोहोचतो तो महिन्याचा आकडा. बाकीचं कुणीतरी कळवायला हवं, म्हणून हे पत्र.

कॅनडा कॉर्नरकडून बीवायके कॉलेजच्या दिशेने निघालं की ठरलेल्या जागी ही मुलं-मुली उभी दिसतात. तीच मंडळी शनिवार-रविवारी उंटवाडीच्या मॉलपाशी, गंगापूर रोडला जेहान सर्कलजवळ, कधी ठक्कर बाजार स्टँडच्या बाहेर. रंगीत टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब नाहीतर लॅमिनेट केलेल्या फोटोंचं फोल्डर. ‘मॅडम, फक्त एक मिनिट.’ ‘सर, लहान मुलं आवडतात ना तुम्हाला?’ या प्रश्नाला ‘नाही’ कोण म्हणणार? थांबलात की एका मिनिटाची दहा मिनिटं होतात. ‘आत्ता नको’ म्हटलंत की पुढचं वाक्य तयार असतं: ‘पायात तीन हजारांचे बूट आहेत सर, एका लेकराच्या ऑपरेशनला पाचशे निघत नाहीत?’ आणि हे मोठ्याने, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असं.

कुणाला गाठायचं हेही ठरलेलं दिसतं. घाईत असलेला मध्यमवयीन पुरुष सहसा सुटतो. एकटी बाई सुटत नाही. काठी टेकत चाललेले आजोबा सुटत नाहीत. सोबत मैत्रीण असलेला कॉलेजचा मुलगा तर हमखास अडवला जातो, कारण तिच्यासमोर नकार द्यायला तो लाजेल, हे या मुलांना शिकवलेलं असतं. काही जण चार-सहा पावलं सोबत चालत येतात, काही वाट अडवून उभे राहतात. मी अशा वेळी पाहिलेले चेहरे दान करताना समाधान पावलेल्या माणसांचे नव्हते. सुटका करून घेणाऱ्यांचे होते. मराठी माणसाला भीड फार, ती मोडवत नाही, आणि तुमची सगळी वसुली त्या भिडेवर चालली आहे.

एक प्रकार मात्र मला अजिबात सहन होत नाही. आईचं बोट धरून चाललेल्या सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर नाकात नळी घातलेल्या बाळाचा फोटो धरला जातो आणि त्या पोरालाच विचारतात, ‘बाळाला मदत करायची ना? मम्मीला सांग.’ ते मूल घाबरतं, आईकडे बघतं, आई पर्स उघडते. ही कल्पना कुणाला सुचली असेल आणि कोणत्या प्रशिक्षणवर्गात ती शिकवली गेली असेल, हे तुम्ही शोधून काढावं असं मी कळकळीने सांगते.

त्या फोटोतल्या बाळाबद्दलही बोलायला हवं. त्याच्या आईवडिलांनी कोणत्या परिस्थितीत कागदावर सही केली असेल? रुग्णालयाचं बिल समोर असताना ‘फोटो काढू का’ या प्रश्नाला खरा नकार देता येतो का? आणि मूल तुमच्या बालगृहातलं असेल तर प्रश्न नुसत्या सभ्यतेचा राहत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. तरीही अशी छायाचित्रं फोल्डरमध्ये घेऊन तुमची माणसं फुटपाथवर फिरताना दिसतात. ज्या लेकराची लाज राखायची, त्याचाच चेहरा दिवसभर रस्त्यावर दाखवला जातो.

आता त्या टी-शर्टमधल्या मुलांविषयी. लोक त्यांच्यावर चिडतात, हिडीसफिडीस करतात, क्वचित शिव्याही देतात. मला त्यांचा राग येत नाही, आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला वडापाव खात बसलेल्या अशाच एका मुलीशी मी निवांत बोलले. ती कळवण तालुक्यातली, बी.ए. झालेली, नाशिकला कॉट बेसिसवर राहणारी. तिला संस्थेने नेमलेलं नव्हतं, एका एजन्सीने नेमलं होतं. महिन्याला ठरावीक थोडी रक्कम आणि पुढे जितके देणगीदार मिळवाल तितका इन्सेंटिव्ह. रोजचं टार्गेट असतं. ते चुकलं की संध्याकाळी टीम लीडर सगळ्यांसमोर बोलतो. दोन आठवडे लागोपाठ चुकलं की उद्यापासून येऊ नको. मी विचारलं, ‘ज्या मुलांसाठी पैसे मागतेस ती कुठे असतात?’ ती म्हणाली, ‘काकू, संस्थेचं ऑफिससुद्धा मी कधी पाहिलेलं नाही. आधी आम्ही क्रेडिट कार्डचं करायचो, आता हे करतो.’

तिच्या उत्तरात मला सगळं दिसलं. तुमच्या कामाची ओळख नसलेली, तुमच्याशी कसलंही नातं नसलेली मुलगी तुमच्या नावाने आमच्या भावनेला हात घालते, कारण तिचं घरभाडं त्यावर अवलंबून आहे. तिने पिच्छा पुरवला नाही तर तिचं पोट भरत नाही. दोष तिचा कसा? टार्गेट तुम्ही ठरवलंत, किंवा ठरवणाऱ्या एजन्सीबरोबर करार तुम्ही केलात. विश्वस्त म्हणून त्यावर सही तुमची आहे.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, म्हणून पैशाच्या वाटेवर काय होतं ते जरा सविस्तर लिहिते. या मुलांना रोख शंभर रुपये दिले तर बहुधा नको असतात. त्यांना हवी असते दरमहा खात्यातून वळती होणारी रक्कम. टॅबवर तुमचं नाव, खातं किंवा यूपीआय भरून घेतात, ओटीपी मागतात, आणि तिथेच रस्त्यावर मँडेट, म्हणजे खात्यातून दरमहा रक्कम वळती करण्याची परवानगी, तयार होतं. बोलताना शब्द वापरतात ‘पाचशे रुपये’. ‘दरमहा पाचशे, तुम्ही बंद करेपर्यंत’ हे त्याच ठसक्यात सांगितलं जात नाही. आमच्या इमारतीतल्या एक काकू पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या, की ही वजावट कसली ते बघ. त्यांना वाटत होतं, आपण एकदाच मदत केली. अशा वयाची, पेन्शनवर जगणारी बरीच माणसं मला पासबुक दाखवून गेली आहेत. कार्डावरून किंवा यूपीआयवरून होणाऱ्या अशा वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना पाठवणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. सूचना येतेही, पण इंग्रजी एसएमएस येतो, आणि दिवसभरातल्या जाहिरातींच्या ढिगात ज्येष्ठ माणसाला तो दिसत नाही. थेट बँक खात्यावरच्या मँडेटचं (याला ‘एनएसीएच’ म्हणतात) तर आणखी वेगळं दुखणं. त्या तारखेला खात्यात पुरेशी शिल्लक नसली की हप्ता परत जातो, आणि बँक दंड लावते, वर जीएसटी. म्हणजे दान केल्याबद्दल पेन्शनरला दंड.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या आईवडिलांच्या बाबतीत असं झालं असेल तर सांगते: यूपीआयवरचं मँडेट त्याच अ‍ॅपमधल्या ऑटोपे किंवा मँडेट या भागात जाऊन रद्द करता येतं. खात्यावरचं असेल तर नेट बँकिंगमधून, नाहीतर शाखेत अर्ज देऊन. त्यासाठी संस्थेची परवानगी लागत नाही आणि कारणही द्यावं लागत नाही.

‘८०जी आहे सर, टॅक्स वाचतो’ या वाक्याचाही हिशेब मांडू. ८०जी म्हणजे देणगीवर मिळणारी प्राप्तिकराची सवलत. बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. करातून नव्हे, उत्पन्नातून. हजार रुपये दिले तर पाचशेची वजावट, आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर वाचतो साधारण शंभर रुपये. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर ही सवलत मिळतच नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ८०जीचा काहीही फायदा नाही. २०२३-२४ पासून तर नवीच प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर आपण होऊन निवडावी लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, नव्या प्रणालीत असलेल्या तरुणाला ‘टॅक्स वाचेल’ म्हणून मँडेट करायला लावणं ही चुकीची माहिती देऊन केलेली विक्री आहे. विमा कंपनीने असं केलं तर आपण तक्रार करतो. सेवाभावी संस्थेने केलं तर गप्प बसतो, कारण काम चांगलं आहे.

काम चांगलं असेलही. तुमच्यातल्या अनेकांचं नक्कीच चांगलं आहे. म्हणूनच जीव तुटतो.

आम्ही काही बायका मिळून पेठ तालुक्यातल्या आदिवासी मुलींच्या एका छोट्या वसतिगृहासाठी दरवर्षी धान्य आणि पैसे गोळा करतो. ओळखीच्या सोसायट्यांत जातो, पावती पुस्तक घेऊन. कुणी पाच किलो तांदूळ देतं, कुणी तेलाचा डबा, कुणी मुलाच्या वाढदिवसाचे हजार रुपये. गेल्या काही वर्षांत दार उघडण्याची पद्धत बदलली आहे. पावती पुस्तक दिसलं की माणूस आधीच आक्रसतो. ‘ते मॉलसमोरचे तुम्हीच का?’ असं एका गृहस्थांनी विचारलं. बऱ्याच सोसायट्यांनी फाटकावर पाटी लावली आहे: ‘देणगी मागणाऱ्यांना प्रवेश नाही.’ मी त्या सेक्रेटरींना दोष देत नाही. मात्र त्या पाटीने तुमचं काही अडत नाही, तुम्ही फुटपाथवर आहातच. अडतं ते ज्यांच्याकडे एजन्सी नेमायला पैसे नाहीत, टॅब नाहीत, फक्त ओळख आणि विश्वास आहे, त्यांचं. तुम्ही भर उन्हाळ्यात सगळ्यांच्या विहिरीतलं पाणी पंप लावून उपसता आहात.

नाशिकला देण्याची सवय नाही असं कुणी म्हणू नये. या गावात १८४० साली सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. १९१४ साली स्थापन झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही शिक्षणसंस्था लोकांच्या वर्गण्या आणि देणग्यांवर वाढली, आणि तिच्या शाळांमध्ये शेतकऱ्यांच्या चार-पाच पिढ्या शिकल्या. गाडगेबाबांनी इथे धर्मशाळा बांधली. ते लोकांकडे मागायचे, खडसावूनही मागायचे, पण त्यांच्या अंगावर चिंध्या होत्या आणि मिळालेला पैसा कुठे गेला ते चार भिंती आणि छप्पर होऊन गोदाकाठच्या वाटसरूला दिसत होतं. मागणारा कोण, पैसा कुठे गेला, हे दोन्ही देणाऱ्याला समोर दिसायचं. कॉलेज रोडवरच्या व्यवहारात दोन्ही झाकलेलं असतं.

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनासुद्धा वर्गणी काढण्याआधी धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेब द्यावा लागतो. फुटपाथवर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र असावं लागतं. हात पसरणाऱ्या भिकाऱ्याला पकडण्यासाठी १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, आणि सर्वांत असहाय माणसाच्या मागणीला गुन्हा ठरवणारा तो कायदा मला कधीच पटलेला नाही. मग ज्यांच्याकडे कार्यालय आहे, सनदी लेखापाल आहे, वकील आहे, त्यांनी रस्त्यावर कसं मागावं याचे नियम स्वतःहून का पाळू नयेत? ब्रिटनमध्ये हाच प्रश्न फार आधी उभा राहिला. २०१५ मध्ये देणग्यांसाठी लावल्या जाणाऱ्या तगाद्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी देणगी संकलनासाठी वेगळी नियामक संस्था स्थापन झाली. तिथल्या २०१९ च्या संहितेत, रस्त्यावर देणगी मागणाऱ्याने कुणाच्याही मागे तीन पावलांपेक्षा जास्त जायचं नाही आणि वाट अडवायची नाही, असा नियम होता. आणि व्यावसायिक संकलकाने आपल्याला या कामाचे पैसे मिळतात हे देणगीदाराला सांगायचं, असं तर तिथला कायदाच म्हणतो. आपल्याकडे असा नियम कधी होईल तेव्हा होवो. तुम्हाला तो उद्यापासून पाळायला कुणी अडवलेलं नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी मागणी टार्गेट आणि इन्सेंटिव्ह बंद करण्याची आहे. रस्त्यावर माणसं उभी करायची असतील तर ती तुमची माणसं असू द्या, तुमच्या पगारपत्रकावरची, आठवडाभर तरी तुमच्या रुग्णालयात, शाळेत किंवा आश्रमात राहून आलेली. त्या कळवणच्या मुलीला तुम्ही तिथे नेलंत, ठरलेला पगार दिलात, तर ती आमच्याशी वेगळ्याच आवाजात बोलेल. तिला कुणाला लाजवावं लागणार नाही, तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल. आणि दिवसभरात एकही देणगी आली नाही तरी तिची रात्रीची झोप उडणार नाही.

दुसरं, रस्त्यावर मँडेट घेऊच नका. माहितीपत्रक द्या, त्यावर न्यासाचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि फोन नंबर छापा, आणि माणसाला घरी जाऊ द्या. घरी दोघांनी मिळून वाचलं, मुलीला फोन करून विचारलं आणि मग दिलं, तर ते दान वर्षानुवर्षं टिकेल. तुम्ही म्हणाल, घरी गेलेला माणूस परत येत नाही. खरं आहे, बरेच येणार नाहीत. जे येणार नाहीत त्यांना मुळात द्यायचंच नव्हतं, एवढंच त्यातून कळतं. तसंच साठीच्या पुढच्या कुणाकडूनही दरमहाची वजावट घेताना घरच्या एका माणसाशी बोलल्याशिवाय ती सुरू करू नका. बाकी, एकदा ‘नको’ म्हटल्यावर बाजूला होणं आणि लहान मुलांपुढे फोटो न धरणं हे तर सांगावंही लागू नये.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण सिंहस्थ. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. देशभरातून लाखो माणसं रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला येतील, देण्याच्या मनःस्थितीत, कनवटीला पैसे बांधून. घाटावर गंध लावून, हातात दोरा बांधून मग पैसे मागण्याचे प्रकार एरवीही चालतात. त्या गर्दीत तुमचे टी-शर्ट आणि टॅबही उतरणार, एजन्सींनी त्याची टार्गेटं बहुधा मांडायलाही घेतली असतील. बिहारहून, मराठवाड्यातून आलेल्या म्हातारीला इथल्या फुटपाथवर ओटीपी सांगायला लावलात, तर ती गावी जाऊन तुमच्या संस्थेचं नाव सांगणार नाही. ती नाशिकचं नाव सांगेल. त्याआधी तुमच्या विश्वस्त मंडळाची किमान एक बैठक या विषयावर व्हायला हवी.

मला वैयक्तिक उत्तर नको. तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालात, जमा-खर्चाच्या पानावर, देणगी गोळा करण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा आणि त्यातले एजन्सीला किती गेले ते लिहा. ‘प्रशासकीय व इतर’ यात ते मिसळू नका. आज रस्त्यावर मिळालेल्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यांपैकी मुलांपर्यंत किती पोहोचतं, हे तुमच्या देणगीदारांपैकी कुणालाच माहीत नाही, आणि विचारलं तर टॅब धरलेल्या मुलीलाही सांगता येत नाही. ती ओळ छापून आली की मी स्वतः वाचेन, आमच्या सोसायटीच्या फलकावर लावेन, आणि आकडा प्रामाणिक वाटला तर तुमच्यासाठी दारोदार फिरायलाही तयार आहे, पावती पुस्तक घेऊन, बिनपगारी. तोवर माझा चेक पेठला जाईल.

आपली,
नाशिकची एक निवृत्त बँक कर्मचारी आणि देणगीदार